सुलतानचा खुराक

सारंगखेडा,
६ जुलै २०२५

कामिनी,

‘सप्रेम’ लिहिलं आणि खोडलं. ज्याचा नंबर तू ब्लॉक केलास त्याने कुठल्या तोंडाने सप्रेम लिहायचं? तुझं म्हणणं, मी फोनवर ओरडतो, एका रात्रीत चाळीस मेसेज टाकतो, म्हणून यापुढे फक्त पत्र. पाकीट चिकटवेपर्यंत माणसाचा निम्मा राग उतरतो म्हणे. बाई, माझा तर चढला! पोस्टातून पाकीट घेतलं तर आपला पोस्टमन बन्सीलाल चार माणसांत म्हणतो, “अमृतभाऊ, आते तं लाइटनं बिल बी मोबाईलवर येस. तू कोनले पत्र लिखस रे?” चार माणसं हसली. पाचवा मी, पण मी हसलो नाही.

असो. तुझा सुलतान पोचला. तुझा भाऊ हेमकांत मागच्या यात्रेत घोडा घ्यायला गेला, भाव ऐकला, आणि पिशवीत हे पांढरं पिल्लू घालून परत आला. घोड्यासाठी ठरवलेलं नाव वाया जाऊ नये म्हणून ते याला दिलं. आता वहिनीला बाळ झालंय म्हणून तुझ्या बाबांचं, चुनीलालकाकांचं फर्मान, घरात कुत्रं नको. तुझ्या नाशिकच्या फार्मसी हॉस्टेलात कुत्र्यांना मनाई. मग आठवण कोणाची झाली? दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या रिकामटेकड्या अमृतची.

सांभाळतो. पण निघताना एसटीच्या खिडकीतून तू जे बोललीस ते कागदावर दे. दिवाळीला सुलतान धडधाकट दिसला तर काकांपुढे माझं नाव तू स्वतः काढशील. बोललीस की नाही?

अमृत


नाशिक,
११ जुलै

अमृत,

बोलले. लिहूनही देते. दिवाळीला सुलतान धडधाकट दिसला, तर बाबांपुढे तुझं नाव मी काढीन. सरांनी एक शब्द बोलताच त्यांच्या टेबलावरची पट्टी मोडून कॉलेज सोडणारा माणूस चार महिने एक मुका जीव सांभाळू शकतो का, तेवढंच मला बघायचंय.

आता नीट वाच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण त्याच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही. डांबरगोळ्या, फिनेल, मच्छरच्या मशीनची बाटली, उंदराचं औषध सगळं उंचावर. फवारणीची औषधं कुलपात. वायरी लोंबत्या नकोत. अंग गरम लागलं म्हणून आपली तापाची गोळी द्यायची नाही. कण्हेर विषारी असते, त्या झाडापासून लांब. खूप वाचून, विचारून लिहिलंय हे. हसू नकोस.

कामिनी


सारंगखेडा,
२० जुलै

कामिनी,

हसलो नाही. हसायला वेळ आहे कुठे? तुझी यादी मी भिंतीवर चिकटवली आहे, देवाच्या फोटोच्या शेजारी. आई रोज देवाला हात जोडते, मी यादीला.

चॉकलेटचा प्रश्न नाही. आमच्या घरात दुकानदाराने सुट्ट्याऐवजी दिलेली गोळी सोडली तर चॉकलेट येत नाही. द्राक्षं तुमच्या नाशिकची, ती तुम्हीच सांभाळा. पण कांदा! कांद्याच्या गोणी माळ्यावर चढवल्या. आता भाजी करायची म्हटलं की आई शिडी मागते आणि कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. डांबरगोळ्या गोधड्यांतून काढून फेकल्या, म्हणून गोधड्यांना झुरळं. वायरी सुतळीने छताला बांधल्या. वडिलांना चार्जर लावायचा तर ते स्टुलावर चढतात. काल म्हणाले, “या घरमा कुत्रा आपलाकडे शे, का आपन कुत्राकडे?” फवारणीचा पंप ओट्यावर ठेवला म्हणून करणसिंगकाकांशी भांडलो. काका दोन दिवस आमच्या ओट्यावर आले नाहीत. नको येऊ देत, पंपही आला नाही.

कण्हेर आमच्याकडे नव्हती. शेजारच्या बेबीबाईंकडे होती, कुंपणाला लागून. मी तोडली. बेबीबाई अंगणात उभं राहून जे बोलल्या ते पाकिटात मावणार नाही. “कुत्राकरता देवनं झाड तोडस? तुले पोरगी कोन देई रे?” असं शेवटचं होतं. मी मनात म्हटलं, पोरगीसाठीच तर तोडली, बाई.

म्हणजे यादीतलं सगळं झालं. आणि नुसती राखण नाही, खुराकसुद्धा. म्हशीच्या घमेल्यातून रोज दोन मुठी सरकीची पेंड, आपली ढेप, काढतो, भिजवतो, वर ताक आणि गुळाचा खडा. आईला पत्ता नाही. ढेपेने म्हैस कशी चकाकते ते तू पाहिलं आहेस. सुलतान चाटून पुसून खातो. नाशिकच्या कुत्र्यांना बिस्किटं चारणाऱ्यांनी इथे येऊन शिकावं.

अमृत


नाशिक,
२८ जुलै

अमृत,

कण्हेर तोडल्याबद्दल बेबीबाईंची माफी मागून ये. लांब ठेव म्हटलं होतं, कुऱ्हाड घे म्हटलं नव्हतं.

बाकी पत्र वाचून आमची अख्खी खोली हसली. ढेप? अरे, तो कुत्रा आहे की मुऱ्हा म्हैस? दिवाळीत त्याचं दूध काढून मिठाई करणार आहेस का? पण खरं सांगू, बरं वाटलं. इतकं मन लावून तू दुसरं काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

परीक्षा आहे. पत्राला उशीर झाला तर समजून घे.

कामिनी


सारंगखेडा,
२४ ऑगस्ट

कामिनी,

परीक्षा तुझी आणि उशीर माझा. पोळा होता. बैलांची शिंगं रंगवता रंगवता सुलतानच्याही पाठीवर गेरूचे ठिपके दिले, गळ्यात घुंगरू बांधलं आणि मिरवणुकीत नेला. गोऱ्ह्याची झूल घालणार होतो, पण बंद पोटाखालून पुरेना. एवढं पोट! गावात जो तो थांबवून विचारतो. जालमसिंग आबा म्हणाले, “काय चारस रे भो, पाटील दिसी ऱ्हायना!” मी नुसता हसलो. खुराकाचं गुपित कोण सांगतं?

फक्त पाय जरा बारीक दिसतात, पोटापुढे दिसणारच. मिरवणुकीत मारुतीच्या पारापर्यंत चालला आणि बसला. उठेना. मग उचलून आणला. राजेलोक चालतात का कुठे? आता दिवसभर पडून असतो. मांजर अंगावरून गेली तरी एक डोळा उघडतो आणि मिटतो. पूर्वी कोंबड्यांमागे धावून घर डोक्यावर घ्यायचा, तो हाच का, असं आई विचारते. मी म्हटलं, संस्कार!

आईचं मात्र एक नवीनच. “दूध पातळ कसं व्हयनं? ढेप तं तितलीच शे!” असं म्हणून म्हशीकडे संशयाने बघते. म्हैस माझ्याकडे बघते. आम्ही दोघंही बोलत नाही.

दिवाळी किती लांब राहिली गं?

अमृत


नाशिक,
१ सप्टेंबर

अमृत,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

पोट मोठं आणि पाय बारीक, हे लठ्ठपण नव्हे. सुलतान पडून राहणारा कुत्रा नाही. कोंबडी दिसली आणि तो उठला नाही, असं आजवर घडलेलं नाही. तू त्याला शहाद्याला जनावरांच्या डॉक्टरकडे ने. आजच. तिथे भांडू नकोस, पट्टी मोडू नकोस. डॉक्टर विचारतील ते सगळं सांग आणि मला कळव.

कामिनी


सारंगखेडा,
९ सप्टेंबर

कामिनी,

नेला. एसटीत कंडक्टरशी वाद, तो वेगळा सांगेन. आई सोबत आली होती, तिला शहाद्यात बांगड्या भरायच्या होत्या.

डॉक्टरांनी पोट दाबलं, कान पाहिले, छातीला नळी लावली. विचारलं, “खायला काय देता?” आई बाजूला उभी. आता तूच सांग, तिच्यासमोर काय बोलणार, की म्हशीची ढेप चोरतो? मी म्हटलं, दूध-भाकरी. त्यांनी पुन्हा विचारलं, “अजून काही? नक्की?” माझं डोकं सटकलं. गरीब घर दिसलं की लोकांना वाटतं कुत्र्याला उपाशीच ठेवतात. म्हटलं, “साहेब, एकदा सांगितलं ना!” त्यांनी जंताचं औषध दिलं, आठवड्याने परत आणा म्हणाले. फरक पडला नाही तर पोटातलं पाणी तपासावं लागेल, असंही काहीतरी पुटपुटले. घाबरवायचा धंदा, दुसरं काय.

खरं म्हणजे सुलतानला अशक्तपणा आहे. धाप लागते, जीभ फिकी पडली आहे. यावर औषध घरातच आहे. दोन मुठींच्या चार केल्या. आता गुळाशिवाय खात नाही, हाताने भरवावं लागतं. मांडीवर डोकं ठेवून खातो. भरवताना माझ्याकडे असा बघतो की मला वाटतं, या घरात मला समजून घेणारा हा एकटाच.

काळजी करू नकोस. दिवाळीपर्यंत उभा करतो.

अमृत


सारंगखेडा,
१४ सप्टेंबर

कामिनी,

आज दुपारपासून मोबाईल वाजतोय. नाव बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. कामिनी! ब्लॉक उघडलं वाटतं. एक रिंग, दोन, सहा. मी चार्जर छताला टांगलाय ना, तिथेच लटकत वाजतोय बिचारा.

नाही उचलला. उचलणारही नाही. अडीच महिने मी त्या मोबाईलकडे बघत बसलो तेव्हा तुला वाटलं का काही? नियम कोणी केला? पाकीट चिकटवेपर्यंत निम्मा राग उतरतो म्हणे. मग तूही चिकटव. आता कळतंय ना, पलीकडून कोणी ओ देत नाही तेव्हा कसं वाटतं?

हे बघ, हे लिहितोय तोवर पुन्हा वाजला. खोटं कशाला बोलू, जिवाला बरं वाटतंय. इतके फोन माणूस उगाच करत नाही. माझ्यावाचून करमत नाही हे पत्रात लिहायला लाज वाटली असेल. लिही. मी वाट बघतो.

सुलतान झोपलाय. संध्याकाळचा खुराक भिजत घातलाय.

तुझाच (आज पहिल्यांदा लिहितोय),
अमृत


नाशिक,
१४ सप्टेंबर

अमृत,

फोन उचल. हे पत्र पोचेपर्यंत काय होईल माहीत नाही, तरी लिहिते, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

ढेप बंद कर. इथे गल्लीत जनावरांच्या डॉक्टर आहेत, तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सरकीत एक विष असतं. म्हशीच्या पोटात ते जिरतं, कुत्र्याच्या नाही. त्याच्या हृदयावर जातं, मग पोटात पाणी साठतं. तो लठ्ठ झाला नाही, तो मरतोय. त्यांच्या फोनवरूनही लावला, तू तोही उचलला नाहीस.

आता बाबांना फोन करते. दुसरा मार्ग ठेवलाच नाहीस.

कामिनी


सारंगखेडा,
१९ सप्टेंबर

कामिनी,

तुझं पत्र काल मिळालं. त्याआधी काका आले होते.

१४ तारखेलाच, दिवेलागणीला. मी ओट्यावर मांडीत सुलतान घेऊन, हातात घास. चुनीलालकाका फाटकातून आत आले ते चप्पल न काढता. मला वाटलं, आपलं नशीब चालत आलं. उठून नमस्कार करायला गेलो तर म्हणाले, “बैस. मन्ही पोरना फोन जो उचलत नही, तो कोन लाटसाहेब शे, ते देखाले येल शे मी.” मग माझ्या हातातल्या घासाकडे बघून, “ते फेक.”

मी म्हटलं, “काका, ढेप आहे, चांगली—”

“फेक म्हनस ना!”

आई बाहेर आली. काकांनी तिच्यासमोर सगळं सांगितलं. ढेप, विष, तुझे फोन. आई म्हशीकडे गेली, घमेलं बघून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता सुरू होईल. तर म्हणाली, “माले सांगतास तं मी तुन्हा हात धरतू का रे? डागदरले तरी सांगतास.” बस. त्यापेक्षा बेबीबाई परवडल्या.

काकांनीच गाडी काढली. बाळाच्या घरात कुत्रं नको म्हणणारा माणूस, पण सुलतानला शाल त्यांनीच गुंडाळली. शहाद्याला डॉक्टर घरी निघाले होते, थांबले. मी ढेप म्हणताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो. ते म्हणाले, “मी दोनदा विचारलं होतं.”

पोटातून पाणी काढलं. एवढं पाणी, कामिनी! गाव ज्याला पाटील म्हणत होतं, ते पाणी होतं. आतला कुत्रा म्हणजे हाडांची मोळी. वाचेल का विचारलं, तर म्हणाले, चार दिवस बघू. आज पाचवा दिवस. सकाळी त्याने स्वतः उठून पाणी प्यायलं. परवापर्यंत तेही मी कापसाच्या बोळ्याने पाजत होतो.

काकांनी परतताना गाडीत विचारलं, “तिना तुन्हा काय संबंध शे?” मी म्हटलं, “पत्रव्यवहार.”

अमृत


नाशिक,
२७ सप्टेंबर

अमृत,

सुलतान खायला लागला, हे बाबांनी कळवलं. ते रोज तुमच्या ओट्यावर येतात हे तू लिहिलं नाहीस, तेही कळलं.

आधी माझा हिशोब. ढेपेचं तू जुलैमध्येच लिहिलं होतंस. मी वाचलं आणि खोलीभर हसवलं. मीही कापसाच्या घरची. आमच्याही गोठ्यात तीच ढेप. ती विष असेल हे माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि मी तर औषधांचं शिकते. तेव्हा ढेपेबद्दल तुला एक शब्द बोलायचा मला हक्क नाही. बोलणारही नाही.

पण फोन. त्या दुपारी मी फार्मसीच्या जिन्यात उभी राहून तुला फोन लावत होते. प्रत्येक रिंगला वाटायचं, आता उचलेल. आणि तू लिहितोस, जिवाला बरं वाटतंय. ते पत्र मला तीन दिवसांनी मिळालं. सुलतान जगेल की जाईल हे माहीत नसताना ते मी वाचलं. ढेप तू अजाणता चारलीस, अमृत. फोन तू जाणूनबुजून वाजू दिलास.

सुलतान तुझ्याकडेच राहू दे. डॉक्टर म्हणतात त्याला हलवू नका, आणि आता त्याला तुझ्याइतकं कोणी जपणार नाही, हे मला पटलंय. पण बाबांपुढे तुझं नाव मी काढणार नाही. दिवाळीला येईन, ती सुलतानला भेटायला.

कामिनी


सारंगखेडा,
८ ऑक्टोबर

कामिनी,

तुझ्या पत्राला चार उत्तरं लिहिली. पहिल्यात भांडलो. दुसऱ्यात तुझ्या नियमाला शिव्या दिल्या. तिसऱ्यात रडलो, ते आईने चुलीत घातलं, “असं पत्र पोरले धाडतंस का कोनी?” म्हणून. हे चौथं. राग निम्मा उतरतो म्हणाली होतीस. उरलेला कोणावर काढायचा ते आता माझं मला कळलंय, तेवढं लिहून पुढे जातो.

बेबीबाईंकडे गेलो. कण्हेरीच्या जागी जास्वंद लावून दिली. “मन्हा देवले लाल फूल चालत नही,” म्हणाल्या, पण पाणी घालतात. कांदे माळ्यावरच आहेत, आई आता शिडी मागत नाही, स्वतः चढते. खुराक तिने हातात घेतला आहे. भात, उकडलेलं अंडं, मीठ नाही. अंडं घरात शिजवायचं नाही हा आमचा नियम होता. तिने गोठ्यात वेगळी चूल मांडली.

मोबाईल खाली आणलाय, खिशात असतो. जो वाजेल तो उचलतो. काल एक बाई विमा घ्या म्हणून मागे लागली. मी पूर्ण ऐकून घेतलं, ‘नको ताई’ म्हटलं, आणि तीच दचकली. तुझा नंबर अजून उघडा आहे का, हे मी तपासलेलं नाही. तपासणार नाही.

सुलतानचं पोट पाठीला लागलंय. कोंबडी दिसली की कान उभे होतात, पण डॉक्टरांनी सांगितलंय, धावायचं नाही, आयुष्यभर. हृदय तेवढंच उरलंय. हे त्याला कसं समजावायचं? म्हणून मीच त्याच्या आणि कोंबड्यांच्या मध्ये बसतो. गाव म्हणतं, अमृत कोंबड्या राखतो. म्हणू दे.

दिवाळीला ये. सुलतानलाच भेटायला ये, माझी हरकत नाही. फक्त एक सांगतो. फाटकाची कडी वाजवू नकोस. कडी वाजली की तो झेप घेतो. तुझा वास आला तर मग बघायलाच नको. रस्त्यावरच थांब आणि हळू आवाजात मला हाक मार. मी आधी त्याला मांडीवर घट्ट धरीन.

एकच हाक पुरेल. दुसरी मारावी लागणार नाही.

अमृत